शुक्रवारी चार वाजेपर्यंत

“काका, इथे आपलं माणूस मेलं की जाळतात, की पुरतात? आणि थंडीत जमीन दगड झालेली असते, तेव्हा खड्डा कसा खणतात?”

प्रश्न माझा नव्हता. पहिला अर्धा रेणुकाचा होता आणि खड्ड्याचं शेपूट अल्फियाने जोडलेलं. साताऱ्याहून निघायच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत पैज लागली होती. कॅनडात गेल्यावर हेमंतकाकांना हे जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत विचारायचं आणि उत्तर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं. नाही विचारलं तर परत आल्यावर परिपाठाला माईकवर एकटीने गाणं. मी तेव्हा आठवीत होते. सातवीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करत नसे, पण त्या वर्षी वक्तृत्वस्पर्धेत पहिली आले आणि मला वाचा फुटली ती फुटलीच. आई म्हणायची, हिला बोलायला शिकवलं, थांबायला शिकवायचं राहिलं.

तीन आठवडे मी योग्य वेळेची वाट बघत होते. त्या सोमवारी परत निघायला पाच दिवस उरले होते, जेवायला वरण-भात होता आणि फोन माझ्या मांडीवर चालू होता.

आता मी दहावीत आहे. ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे, एक्केचाळीस सेकंदांचं. त्यात माझा प्रश्न आहे, मग कुणीतरी चमचा ताटात ठेवल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मग आईने टेबलाखालून चिमटा काढला त्याचं माझं ‘आई गं’. आणि मग वैजूकाकूंचा आवाज, अगदी शांत.

“जाळतात गं. विजेवर. पण नंबर लावावा लागतो, कधी कधी चार-पाच दिवस थांबावं लागतं. भात वाढू?”

भात वाढता वाढता काकूंनी समोर बघितलं. समोर काका, बाबा आणि आई ओळीने बसले होते, तिघांचेही केस ओले.

त्या ओल्या केसांची मला तेव्हा फक्त गंमत वाटली होती. बाहेर उणे चौतीस होतं. सॅस्कटूनमध्ये गाडीसुद्धा रात्रभर विजेच्या प्लगला जोडून ठेवतात, नाहीतर सकाळी इंजिन चालू होत नाही. बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस ताठ होतात. अशा गावात त्या संध्याकाळी काका ऑफिसातून आले, गॅरेजमध्ये गाडीतच बराच वेळ फोनवर बोलत बसले, मग आत आले आणि चहासुद्धा न घेता आंघोळीला गेले. बाहेर आल्यावर त्यांनी बाबांना गॅरेजमध्ये बोलावलं. थोड्या वेळाने बाबा आंघोळीला. त्यांच्यामागोमाग आई. तीन आठवड्यांत थंडीच्या नावाखाली जिने दोनदाच केस धुतले होते, ती आई संध्याकाळी साडेसहाला डोक्यावरून न्हाऊन आली. टाकीतलं गरम पाणी संपलं. काकू तळघरातून हात धुवायला वर आल्या, तर नळाला बर्फ. “आज काय, अभ्यंगस्नान आहे का सगळ्यांचं?” त्या म्हणाल्या. हसले ती मी एकटीच.

काकू तळघरात काय करत होत्या ते सांगायला हवं. त्या कराडच्या, दातांच्या डॉक्टर. पण इथे त्यांची पदवी चालत नव्हती. सहा वर्षं त्या एका दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरच्या शेजारी उभं राहून त्याच्या हातात हत्यारं देत होत्या. स्वतः दात बघायचे तर परवान्याची प्रात्यक्षिक परीक्षा पास व्हायला हवी होती. दोनदा थोडक्यात हुकली होती. तिसरा प्रयत्न शेवटचा, आणि तो त्या शुक्रवारी होता. तळघरात टेबलाला एक प्लास्टिकचा जबडा घट्ट बसवलेला होता. त्यातल्या प्लास्टिकच्या दातांवर त्या रोज चार-चार तास ड्रिल चालवायच्या. जबड्याचं नाव बंडोपंत. हे नाव नानांनी ठेवलं होतं.

नाना म्हणजे काकूंचे वडील. कराडला बसस्टँडसमोर एका चिंचोळ्या दुकानात बसून त्यांनी चाळीस वर्षं कवळ्या बनवल्या. डिग्री वगैरे काही नाही, नुसता हात. कॉलेजात असताना हेमंतकाका आणि माझे बाबा त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहायचे आणि खाली त्यांच्याच घरी जेवायचे. काका तिथलीच मुलगी करून घेऊन आले. बाबांना अजून नाना ‘सुध्या, तोंड उघड’ म्हणत, आणि बाबा मुकाट्याने उघडत. मला तारा बसवल्या तेव्हा नानांनी त्या तपासायला म्हणून खास कराडला बोलावलं होतं. काकूंचा नियम असा, की रोज सकाळी आठला, म्हणजे कराडला संध्याकाळी साडेसातला, नानांना व्हिडिओ कॉल लावायचा आणि आदल्या दिवशी कोरलेला दात कॅमेऱ्यापुढे धरायचा. नाना डोळे बारीक करून बघायचे. “डावीकडची भिंत जाड ठेवलीस. पुन्हा कर.” डिग्रीवाली मुलगी बिनडिग्रीच्या बापाचं ऐकून पुन्हा करायची.

जेवणानंतर आईने मला खाली नेऊन झापलं. असलं अभद्र तोंडातून काढायचं नाही, दुसऱ्याच्या घरात तर नाहीच. ती एवढ्यासाठी रडायला लागली याचं मला आश्चर्य वाटलं. मी ते रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं नाही.

मंगळवारी सकाळी बाबांनी मला बर्फ काढायला बाहेर नेलं. दोघांच्या हातात दोन फावडी. पाच मिनिटं आम्ही गाडीची वाट मोकळी करत राहिलो. मग ते फावड्यावर रेलून म्हणाले, “शालू, नाना गेले.”

काल सकाळी काकूंशी बोलून त्यांनी फोन ठेवला आणि तासाभराने त्यांच्या छातीत दुखायला लागलं. काकूंचे भाऊ, उदयमामा, त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. तिकडच्या पहाटे, म्हणजे इथल्या काल संध्याकाळी, सगळं संपलं. जाताना मामांचा हात धरून नाना एवढंच म्हणाले होते, की वैजूचा पेपर होईपर्यंत तिला कळवायचं नाही. हे बाबांनी मला दोनदा सांगितलं. नानांचीच इच्छा आहे, म्हणाले. तिकडे सगळं आटोपलंसुद्धा, आज तिकीट काढलं तरी तोंड बघायला मिळणार नव्हतंच. शुक्रवारी चार वाजता ती परीक्षेतून बाहेर येईल. तोवर घरात कुणी चेहरासुद्धा पाडायचा नाही.

मी रडले. पापण्यांवर पाणी गोठलं आणि डोळा उघडेना, तेव्हा बाबांनी हातमोजा काढून बोटाने ते पुसलं.

“तू मोठी झालीस म्हणून सांगतोय,” ते म्हणाले. “आई म्हणत होती सांगू नका.”

लाज वाटते लिहायला, पण त्या वाक्याने मला बरं वाटलं. नाना गेले होते, आणि मला पहिल्यांदा मोठ्यांच्या बाजूला बसवलं होतं.

मला कामही मिळालं. काकांना फोनमधलं फारसं समजत नसे. काकूंच्या फोनवर माहेरचे चार-पाच ग्रुप होते, ते सगळे गप्प करायचे, कुणाचा मेसेज वर दिसू द्यायचा नाही, ही जबाबदारी माझी. फोन मागायचा कसा, याची तालीम करत मी स्वयंपाकघरात गेले. आठ वाजून गेले होते. काका काकूंना सांगत होते, की नानांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी चार दिवस बोलायला बंदी केलीय, तू आता फोन करू नकोस.

“बरं,” काकू म्हणाल्या. त्या डबा भरत होत्या. झाकण लावून त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्याच हातात दिला. “शालू, हा तुझ्याकडे ठेव. शुक्रवारपर्यंत मला देऊ नकोस. लक्ष जातं माझं.”

मी आणि काकांनी एकमेकांकडे बघितलं. आमचं नशीबच जोरावर होतं.

बाथरूमची कडी लावून मी फोन उघडला. न वाचलेले एकशे बासष्ट मेसेज. हात जोडल्याची चित्रं, एकाखाली एक. हार घातलेला नानांचा फोटो, तो बहुतेक घाईघाईने कुठल्यातरी लग्नातल्या फोटोतून कापला होता, कारण खांद्यावर दुसऱ्या कुणाचातरी हात राहिला होता. मी एकेक ग्रुप दाबून लपवला. हे काम मला फार छान जमलं.

त्या दिवसापासून घर विचित्र झालं. मोठी माणसं जरा जास्तच जोरात बोलायची. टीव्हीवर हॉकी चालू ठेवायची, आमच्यातल्या कुणालाही हॉकी कळत नव्हती. आईने संक्रांत जवळ आली म्हणून गुळाच्या पोळ्यांचा घाट घातला होता. साताऱ्याहून गूळ आणला होता, तीळ भाजून ठेवले होते. मंगळवारी तिने तीळ डब्यात भरून वर ठेवून दिले. बुधवारी आमटी-भात झाला, आमटीला फोडणी नव्हती. काकूंनी दोन घास खाल्ल्यावर विचारलं, “वहिनी, मोहरी संपली का?” आई म्हणाली, पित्त झालंय जरा, तेलकट नको वाटतं. काकूंनी मान डोलावली आणि ताटातलं सगळं संपवलं.

बुधवारी दुपारी त्यांनी मला तळघरात दिवा धरायला बोलावलं. टेबलावरचा दिवा असतानाही वरून टॉर्च मारायचा, कारण परीक्षेत तसा उजेड असतो. मी टॉर्च धरून बसले. काकूंच्या डोळ्यांवर भिंगं, तोंडाला मास्क. ड्रिल चालू झालं की मीसुद्धा श्वास रोखायचे. त्यांचा हात म्हणजे एक वेगळाच प्राणी होता, बाकीच्या काकूंशी त्याचा संबंध नव्हता. मधे त्या थांबल्या की काही काही सांगायच्या. नानांनी एकदा एका पैलवानाची कवळी केली आणि तो कुस्तीच्या आधी ती काढून नानांच्याच खिशात ठेवून आखाड्यात उतरला. कुस्ती संपली, तो जिंकला, सत्कार झाला, आणि भाषणाच्या वेळी कवळी सापडेना, कारण नाना सदरा बदलून घरी गेले होते. मी हसत सुटले. मग एकदम भान आलं आणि टॉर्च हलला.

“सरळ धर.”

मी सरळ धरला. काकूंनी ड्रिल पुन्हा उचललं, दातावर टेकवलं, पण चालू केलं नाही. डोळे दातावरच होते.

“शालू, नाना बरे आहेत ना?”

वर स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती, त्याचा आवाज येत होता. माझ्या मनात आलं ते असं, की आता चुकले तर सगळ्यांचं सगळं माझ्यामुळे जाईल. सहा वर्षं, दोन हुकलेल्या परीक्षा, नानांची शेवटची इच्छा, आणि बाबा पुन्हा मला कधीच काही सांगणार नाहीत. वक्तृत्वात सर शिकवायचे की श्रोत्यांच्या डोळ्यांत बघून बोलावं. काकूंच्या डोळ्यांवर भिंगं होती आणि त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, त्यामुळे सोपं गेलं.

“हो. घसा बसलाय फक्त.”

“बरं.”

ड्रिल चालू झालं. वीस मिनिटं ते थांबलं नाही. मग त्यांनी दातावरचा भुगा फुंकला, भिंगं वर केली आणि म्हणाल्या, “माझ्या फोनवरून याचा फोटो काढ आणि नानांना पाठव. म्हणावं, भिंत बघा.”

मी फोटो काढला. पाठवला. ‘भिंत बघा’ असं लिहिलं. त्या मेसेजखाली दोन बारीक खुणा आल्या, आणि आम्ही दोघी बघत असतानाच त्या निळ्या झाल्या. कराडला तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. उदयमामा नानांचा फोन घेऊन जागे होते. थोड्या वेळाने उत्तर आलं. पिवळा अंगठा.

“नानांनी अंगठा पाठवलाय,” मी काकूंना फोन दाखवला. “आवडली त्यांना भिंत.”

काकूंनी तो अंगठा बराच वेळ बघितला. मग बंडोपंतांच्या तोंडातला तो दात स्क्रू काढून बाहेर घेतला आणि कापसात गुंडाळून ठेवला.

गुरुवारी थंडी आणखी वाढली, उणे एकोणचाळीस. सूर्याच्या दोन्ही बाजूंना आणखी दोन सूर्य दिसत होते. काका म्हणाले, हवेतल्या बर्फाच्या कणांमुळे असं होतं, खरा मधला. मी त्याचा फोटो काढून रेणुका आणि अल्फियाला पाठवला. दोघींनी विचारलं, प्रश्न विचारलास का. मी लिहिलं, राहून गेलं. त्या आठवड्यात खोटं बोलणं मला इतकं सोपं झालं होतं की हेही त्याच ओघात गेलं.

शुक्रवारी सकाळी आईने काकूंच्या हातावर दहीसाखर ठेवली. काकू सगळ्यांच्या पाया पडल्या. आईला वाकून नमस्कार केला, बाबांना केला. “भावजी, नानांच्या वाटचा तुम्ही घ्या,” म्हणाल्या. बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच खिडकीकडे वळले. काका म्हणाले, उशीर होईल. काकूंनी कोटाच्या खिशात कापसात गुंडाळलेला तो दात टाकला आणि गेल्या.

दिवसभर आम्ही तिघं नुसते बसून होतो. काका त्यांना सोडून परत आले आणि संध्याकाळी काय बोलायचं ते पाठ करत राहिले. ‘वैजू, तुला काहीतरी सांगायचंय, आधी बस.’ मग ‘बस’ आधी घ्यावं की नंतर, यावर बाबांशी चर्चा. साडेतीनला ते पुन्हा गाडी घेऊन निघाले. आईने सोफ्याशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला.

चार वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं. काकूंनी बूट काढले, ते कोपऱ्यात नीट जोडून ठेवले. कोट खुंटीला लावला. पेपर कसा गेला, असं बाबांनी विचारलं. चांगला गेला, त्या म्हणाल्या. हात हलला नाही.

काका पुढे झाले. त्यांचा आवाज आधीच फुटला होता. “वैजू, बस जरा. तुला...”

“सोमवारी किती वाजता गेले?”

काका जागच्या जागी थांबले. आईच्या हातातला पेला तसाच राहिला.

“तुझी संध्याकाळची आंघोळ,” काकू काकांना म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “मग भावजींची. मग वहिनींची, डोक्यावरून. उणे चौतीसमध्ये. मी कराडची आहे, हेमंत. कुणी गेल्याचं कानावर आलं की माणूस आधी काय करतं, ते मला माहीत नाही का?”

आई रडायला लागली. ऐकल्यावर आंघोळ केल्याशिवाय मला पाण्याचा घोटही घेववत नाही गं, मी तरी काय करू, असं काहीतरी ती म्हणत होती. काकूंनी तिच्या दंडाला हात लावला. तिकडे पहाट होती, काका म्हणाले. साडेचार. नानांचीच इच्छा होती. उदयला त्यांनी स्वतः सांगितलं.

“असणारच,” काकू म्हणाल्या. “तसेच होते ते.”

मग त्यांनी खुंटीवरचा टॉवेल घेतला.

“माझीच आंघोळ राहिलीय,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पाण्याचा आवाज किती तरी वेळ येत राहिला. आम्ही चौघं दिवाणखान्यात बसून तो ऐकत होतो. दुसरा कसलाच आवाज आला नाही. बाबा हळूच म्हणाले, टाकीतलं गरम पाणी एव्हाना संपलं असेल. कुणी उठलं नाही. पाणी चालूच राहिलं.

आमचं विमान शनिवारी संध्याकाळचं. त्यात एकही जागा शिल्लक नव्हती. काकूंना सोमवारचं मिळालं, दोन ठिकाणी बदलून, एकटीचं. काकांचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला, त्यांना निघता येत नव्हतं. काकू दहाव्याला कराडला पोचणार होत्या. सकाळी दहापर्यंत हे सगळं ठरलं, आणि आई-बाबा आमच्या बॅगा भरायला लागले.

मी तळघरात गेले. काकू बंडोपंतांचे स्क्रू काढत होत्या. एकेक दात काढून डब्यात टाकत होत्या, टक, टक. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी राहिले.

“काकू, मी खोटं बोलले.”

“हो,” त्या म्हणाल्या. “दोनदा.”

मला वाटलं होतं की त्या म्हणतील, जाऊ दे, तू लहान आहेस. त्या तसं म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर मग मला का विचारलंत?

काकू खुर्चीत बसल्या. हातातला स्क्रू त्यांनी टेबलावर ठेवला.

“आंघोळीमुळे शंका आली होती. मग तू टेबलावर तो प्रश्न विचारलास, आणि मी तिघांचे चेहरे बघितले. तेव्हा कळलं. रात्रभर मी हेमंतच्या शेजारी पडून होते. तो झोपल्याचं सोंग करत होता आणि मीही. मी कळल्याचं दाखवलं असतं, तर हे सगळे मोडून पडले असते. मला सावरायच्या नादात मलाच त्यांना सावरावं लागलं असतं, आणि शुक्रवार गेला असता. म्हणून तुला फोन देऊन टाकला. पण बुधवारपर्यंत ते एकटीने जड झालं गं. म्हटलं, या घरात जेवणाच्या टेबलावर मेल्या माणसांचं विचारणारी एकच मुलगी आहे. ती तरी सांगेल. कुणी एकाने म्हटलं असतं ना, हो, गेले, तर मी पाच मिनिटं रडले असते आणि पुन्हा ड्रिल उचललं असतं.”

“मी सांगितलं असतं तरी परीक्षा दिली असतीत?”

“दिली असती. रडून दिली असती.”

त्यांनी खिशातून कापसाची गुंडाळी काढली आणि उलगडली. आत तो बुधवारचा दात होता.

“अंगठा उदयने पाठवला,” त्या म्हणाल्या. “नाना असते तर म्हणाले असते, पुन्हा कर. ही बघ, डावी भिंत जाडच आहे.”

आणि मग त्या रडल्या. मी तिथेच जमिनीवर बसले, त्यांच्या गुडघ्याला धरून. बऱ्याच वेळाने मी त्यांना एक गोष्ट विचारली. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. चालेल, म्हणाल्या. सोबत होईल.

मी वर गेले. दिवाणखान्यात बाबा बॅगा हातातल्या काट्याला टांगून वजन करत होते आणि आई वहीत आकडे लिहीत होती. माझी निळी बॅग दोघांच्या मधे होती.

“माझी बॅग बाजूला काढा,” मी म्हटलं. “मी आज येत नाहीये. काकूंबरोबर सोमवारी निघणार आहे. त्यांना कराडला पोचवून, दहावा करून मग घरी येईन.”

आईने पेन खाली ठेवलं. तिने आधी माझ्याकडे आणि मग बाबांकडे बघितलं. मंगळवारपासून तुझी घटक चाचणी आहे, ती म्हणाली. गणिताचा पेपर पहिलाच आहे.

“बुडेल.”

“शालू, काकूंना विचारलंस का?” बाबा म्हणाले.

“विचारलं. चालेल म्हणाल्या. त्यांनी वाटेत काही विचारलं, तर खरं सांगायला कुणीतरी शेजारी पाहिजे.”

बाबांनी काट्यावरची बॅग हळूच जमिनीवर टेकवली. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“तिकिटाचं बघतो,” ते म्हणाले. “आणि शाळेत काय कळवू? ताप आलाय म्हणून लिहू का?”

“नाही,” मी म्हटलं. “नाना गेले म्हणून लिहा.”